सी ड्राइव्ह भरलाय? आधी मोजा, मग पुसा

ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत साधारण दोन तऱ्हेचे कॉम्प्युटर दिसतात. एक म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून किंवा स्टेशनजवळच्या दुकानातून असेंबल करून आणलेला डेस्कटॉप. दुकानदाराने त्याच्या डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडून दिलेले असतात आणि विंडोजच्या वाट्याला जेमतेम १०० जीबी आलेले असतात. दुसरा म्हणजे २५६ किंवा ५१२ जीबी एसएसडीचा (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कचा) लॅपटॉप, ज्यात बहुधा एकटा सी ड्राइव्ह असतो. पहिल्यात सी गच्च आणि ई रिकामा, दुसऱ्यात सगळंच गच्च. दोघांचे उपाय वेगळे आहेत, पण सुरुवात एकच: पुसायला बसण्याआधी जागा नेमकी कुठे गेली ते पाहणं.

बहुतेक जण इथेच उलटं करतात. टेम्प फोल्डर रिकामा करायचा, ब्राउझरची हिस्टरी उडवायची, दोन जीबी सुटले की समाधान मानायचं. आठवड्याभरात जागा संपत आल्याची लाल पट्टी परत येते, कारण ब्राउझरची कॅश (पानं लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या फायली) पुन्हा भरते आणि खरी जागा चार-पाच मोठ्या ढिगांत तशीच अडकलेली राहते. ते ढीग सापडले की तासाभराच्या कामात ४०-५० जीबी मोकळे होणं अजिबात अवघड नाही.

एक शंका आधीच मिटवू. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ जीबी दिसते, ५१२ ची ४७६ आणि १ टीबीची ९३१. यात कोणी फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. ती जागा परत मिळवायचा प्रश्नच येत नाही.

सी ड्राइव्हवर १५ ते २० टक्के जागा कायम मोकळी असू द्या. एसएसडी भरत आली की लिहिण्यासाठी तिला रिकामे ब्लॉक मिळत नाहीत. जुना डेटा इकडून तिकडे हलवत नवा लिहावा लागतो, त्यामुळे ती संथ होते आणि जास्त झिजते. शिवाय विंडोजच्या मोठ्या अपडेटला उलगडायला काही जीबी लागतात. ते मिळाले नाहीत की अपडेट अर्ध्यावर फसतं, आणि फसलेल्या अपडेटच्या फायलीही जागा अडवून बसतात.

हात लावण्यापूर्वी

एसएसडीवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमधूनही गेली की परत मिळण्याची आशा जवळपास संपते. ट्रिम नावाची सोय डिस्कला कळवते की हे ब्लॉक आता रिकामे धरा, आणि डिस्क ते सवडीने साफ करून टाकते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर बऱ्याचदा कामाला येतं, एसएसडीवर त्याच्या भरवशावर राहू नका. म्हणून फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, घराच्या कराराचे स्कॅन, हिशेब यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटच्या ऑफिसातून मिळालेला लॅपटॉप असेल, तर त्यावर यातलं काही करू नका. तो साफ करणं हे कंपनीच्या आयटी विभागाचं काम आहे.

मोजणी

विंडोज आणि आय ही बटणं एकत्र दाबा, मग सिस्टिम, मग स्टोरेज. इथे ॲप्स, टेम्पररी फाइल्स, डॉक्युमेंट्स अशी ढोबळ विभागणी दिसते. ‘शो मोअर कॅटेगरीज’ उघडून ‘अदर’ किती आहे तेही बघा. तो आकडा मोठा असेल तर विंडोजला त्या फायलींचं वर्गीकरण जमलेलं नाही असं समजा.

खरं चित्र दाखवतात विझट्री आणि विनडिरस्टॅट ही दोन सॉफ्टवेअर. दोन्ही घरगुती वापरासाठी फुकट आहेत. विझट्री एकेक फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस (विंडोजची फायली मांडण्याची पद्धत) ड्राइव्हची मूळ यादीच थेट वाचतं, त्यामुळे भरलेला ड्राइव्हही सहसा काही सेकंदांत मोजून होतो. ते ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करूनच उघडा, नाहीतर हा वेग मिळत नाही आणि काही फोल्डर बंदच राहतात. डावीकडे मोठ्यापासून छोट्याकडे फोल्डर लागतात, खाली रंगीत चौकोनांचा नकाशा येतो. मोठा चौकोन म्हणजे मोठी फाइल. ‘फाइल व्ह्यू’ या टॅबवर सगळ्यात मोठ्या फायलींची सलग यादी मिळते. पहिल्या पन्नास फायली वाचल्या तरी बहुतेक उलगडा होतो.

हे सॉफ्टवेअर फक्त आरसा म्हणून वापरा. त्यातूनच फाइल डिलीट करायची सोय असते, पण तिथे सिस्टिमच्या फायली आणि घरच्या फायली शेजारी शेजारी दिसतात आणि चुकीची ओळ निवडायला क्षणही लागत नाही. काय पुसायचं ते कागदावर लिहा आणि पुसा त्या त्या योग्य जागेवरून.

विंडोजने अडवलेली जागा

स्टोरेजच्याच पानावर ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा. यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसलं तर मोठं घबाड हाती लागलं. मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं आणि ते सहज १५-२० जीबीचं असतं. सहसा दहा दिवसांनी ते आपोआप जातं, पण कधीकधी राहून जातं. नवं विंडोज नीट चालत असेल, प्रिंटर-स्कॅनर चालत असतील, तर पुसायला हरकत नाही. एकदा पुसलं की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही. हा फोल्डर एक्स्प्लोररमधून डिलीट करायला गेलात तर परवानगीचे अडथळे येतात आणि तो अर्धवट पुसला जातो, म्हणून याच यादीतून काढा.

‘विंडोज अपडेट क्लीनअप’ आणि ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स’ यांच्यावर बिनधास्त टिक करा. संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत असेल, तर ‘सिस्टिम एरर मेमरी डंप’ ही नोंदही काही जीबीची निघते. दुरुस्तीवाल्याला ती दाखवायची नसेल तर तीही जाऊ द्या.

याच यादीत ‘डाउनलोड्स’ असाही एक चौकोन असतो. त्यावर टिक पडली तर डाउनलोड्सचा अख्खा फोल्डर रिकामा होतो. वीजबिलं, आयकराची विवरणपत्रं, बँकेची स्टेटमेंटं, सगळं बऱ्याच घरांत तिथेच पडलेलं असतं. ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबण्याआधी हा चौकोन दोनदा बघा.

आता लपलेल्या फायली. ‘हायबरफिल डॉट सिस’ ही हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून यंत्र बंद करण्याच्या सोयीची) फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते. म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर साडेसहा जीबीच्या आसपास. ही ठेवायची की काढायची ते यंत्रावर ठरतं. लॅपटॉपवर ठेवा, कारण बॅटरी संपत आली की चालू काम तीच वाचवते. डेस्कटॉपला एसएसडी असेल तर काढून टाका, सुरू व्हायला लागलाच तर थोडासा जास्त वेळ लागेल, कारण फास्ट स्टार्टअपही तिच्यावरच चालतं. काढायची रीत अशी: स्टार्टवर उजवी क्लिक, ‘टर्मिनल ॲडमिन’ किंवा ‘कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन’. तिथे इंग्रजी अक्षरांत पॉवर आणि त्याला जोडूनच सी, एफ, जी लिहा. एक जागा सोडून तिरकी रेघ आणि एच, पुन्हा एक जागा सोडून ऑफ, आणि एंटर. फाइल तत्क्षणी नाहीशी होते. परत हवी असेल तर शेवटी ऑफऐवजी ऑन.

‘पेजफाइल डॉट सिस’ मात्र राहू द्या. रॅम कमी पडली की विंडोज तिचा आधार घेतं. ८ जीबी रॅमच्या यंत्रावर ती बंद केली तर ब्राउझरचे वीस टॅब आणि एक एक्सेल उघडल्यावर मेमरी संपल्याचा इशारा येऊन प्रोग्रॅम बंद पडू लागतात.

सिस्टिम रिस्टोअर हाही गुपचूप जागा घेणारा. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा. ‘मॅक्स युसेज’ची पट्टी १० टक्क्यांवर असेल तर ती ३ ते ५ वर आणा. पूर्ण बंद करू नका, बिघडलेल्या ड्रायव्हरमधून बाहेर यायला हाच मार्ग सोपा पडतो.

रिसायकल बिन प्रत्येक ड्राइव्हचा वेगळा असतो. बिनवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये सी, डी, ई साठी किती जागा राखली आहे ते दिसतं. सी ला ५ जीबी पुरे.

इथे बोट लावू नका

विझट्रीच्या यादीत विंडोजमधला ‘विनएसएक्सएस’ फोल्डर बरेचदा वरच्या ओळींत येतो आणि लोकांचा हात शिवशिवतो. त्यातल्या पुष्कळ फायली दोन ठिकाणी दिसतात पण डिस्कवर एकदाच असतात, त्यामुळे एक्स्प्लोररमध्ये आकडा फुगलेला दिसतो. तो हाताने पुसला तर विंडोज सुरूच होणार नाही. ‘विंडोज’खालचा ‘इन्स्टॉलर’ फोल्डरही तसाच नाजूक. तो रिकामा केला की आज काही बिघडत नाही, पण सहा महिन्यांनी ऑफिस अपडेट करायला किंवा काढायला गेलात की गाडी अडते. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधून फोल्डर उचलून टाकणंही चूक. प्रोग्रॅम नेहमी सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’ यादीतून काढायचा. ती यादी आकारानुसार लावता येते, आणि तिच्या डोक्यावर बहुधा मुलांनी कधीकाळी टाकलेला एखादा गेम सापडतो. आता घरोघरी फायबर आहे, गेम पुन्हा हवा झाला तर पुन्हा उतरवता येतो.

घरातून हिशेबाचं काम करणाऱ्यांनी टॅलीप्राइमचा डेटा कुठे आहे ते आधी टॅलीतच बघून घ्यावं. तो बरेचदा सी ड्राइव्हवर ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’खाली असतो. नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतात आणि अनोळखी माणसाला तो कचरा वाटतो. त्यातला एकेक फोल्डर म्हणजे एकेका कंपनीचे सगळे हिशेब. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल हीच बऱ्याचदा जुन्या मेलची एकमेव प्रत असते. ओएसटी मात्र सर्व्हरवरून पुन्हा उतरते.

जागा साफ करून देण्याचं आश्वासन देणारी ‘क्लीनर’ सॉफ्टवेअर टाळा. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ केल्याने जागा काही एमबीसुद्धा सुटत नाही. बाकी जे ती करतात ते विंडोज फुकटात करतं.

घरचे ढीग

सगळ्यात जास्त जागा इथे सुटते आणि वेळही इथेच लागतो. वरच्या क्रमांकावर असतात फोनच्या प्रती. दर वेळी फोन भरला की अख्खा फोटोंचा फोल्डर कॉम्प्युटरवर ओतायचा, ही घरोघरची रीत. मग ‘मोबाइल बॅकअप’, ‘मोबाइल बॅकअप न्यू’ आणि ‘आईचा फोन’ या तिन्हींत तलावपाळीचे तेच फोटो आणि येऊरच्या पावसाचे तेच व्हिडिओ सापडतात.

जुळ्या फायली शोधायला डूपगुरू किंवा चकाव्का वापरा, दोन्ही फुकट आहेत. तुलना ‘कंटेंट’वर म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावर ठेवा. नावावर ठेवलीत तर घात होतो: कॅमेरे ठरावीक आकड्यांपर्यंत जाऊन पुन्हा एकपासून मोजतात, त्यामुळे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असू शकतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मात्र मूळ फोटोशी बाइटन् बाइट जुळत नाही, कारण व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि काढल्याची तारीख, जागा ही माहितीही गाळतं. अशा जोड्या ‘सिमिलर इमेजेस’ पद्धतीने सापडतात. तिथे निवड स्वतः करा आणि मोठ्या आकाराची प्रत ठेवा. ‘सगळे जुळे निवडा’ हे बटण दाबलंत तर मूळ जाऊन व्हॉट्सॲपची धूसर प्रत उरू शकते.

दुसरा ढीग व्हिडिओचा. फोनवर फोरके, ३० फ्रेमने काढलेला व्हिडिओ फॉरमॅटनुसार मिनिटाला १७० ते ३५० एमबी खातो, म्हणजे तासाला १० ते २० जीबी. लग्नाचं शूटिंग फोटोग्राफरने कच्च्या फायलींसकट दिलेलं असेल तर ते शंभर जीबीच्या पुढे जाऊ शकतं. ते सी ड्राइव्हवर ठेवायचं काहीच कारण नाही. दोन बाहेरच्या डिस्कवर दोन प्रती करा आणि बघण्यापुरती एक लहान प्रत घरच्या यंत्रावर ठेवा. ती बनवायला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर चांगलं: एच.२६५ ही व्हिडिओ दाबायची पद्धत निवडा, गुणवत्तेचा आरएफ आकडा २२ ते २४ ठेवा, आधी दोन मिनिटांचा तुकडा काढून टीव्हीवर बघा. जुन्या प्रोसेसरवर तासाभराच्या व्हिडिओला कित्येक तास लागतात, रात्री लावून ठेवावं. फोटो आणि व्हिडिओ झिप करून जागा वाचत नाही. जेपीजी आणि एमपी४ मुळातच दाबलेले असतात.

क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स दहावी-बारावी होऊन गेली तरी तशीच पडून असतात. ती परीक्षेनंतर काढा. सोसायटीच्या कमिटीवर असणाऱ्यांकडे सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून उतरवलेल्या क्लिपा साठतात. त्यातली एखादी पोलीस तक्रारीशी जोडलेली असेल तर मूळ फाइल जशीच्या तशी, नाव न बदलता, वेगळ्या डिस्कवर जपा. बाकीच्या पुसा.

आयफोन कधी कॉम्प्युटरला जोडून बॅकअप घेतला असेल तर ‘यूजर्स’खालच्या ‘मोबाइलसिंक’ फोल्डरमध्ये ३०-४० जीबी बसलेले असू शकतात. ते आयट्यून्सच्या किंवा ॲपल डिव्हायसेसच्या ‘मॅनेज बॅकअप्स’मधून काढा, विकून टाकलेल्या फोनचा बॅकअप आधी. डेस्कटॉपवरच्या व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जमधून फोटो-व्हिडिओचं आपोआप उतरणं बंद करा. टेलिग्राममध्ये सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, मग ‘मॅनेज लोकल स्टोरेज’.

वनड्राइव्हबद्दल एकच गोष्ट, पण ती पक्की लक्षात ठेवा. फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ म्हटलं की फाइल ढगात, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, राहते आणि कॉम्प्युटरवरची जागा सुटते. त्याच फाइलला ‘डिलीट’ केलंत तर ती ढगातूनही जाते, आणि त्या खात्याला जोडलेल्या इतर यंत्रांवरूनही. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये ‘मिरर’ऐवजी ‘स्ट्रीम’ निवडलं की फाइल लागेल तेव्हाच उतरते.

सी लहान, डी रिकामा

असेंबल केलेल्या यंत्रांचं खरं दुखणं हेच. यावर पार्टिशन (डिस्कचे हे तुकडे) मोडण्याआधी सोपा उपाय करा: डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज हे फोल्डर डी वर हलवा. डी वर आधी ‘घर’ नावाचा फोल्डर करा, त्यात ‘डाउनलोड्स’ असा रिकामा फोल्डर. मग सी वरच्या डाउनलोड्सवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’ टॅब, ‘मूव्ह’, आणि तो नवा फोल्डर दाखवा. थेट डी ड्राइव्हच दाखवू नका. तसं केलं की विंडोज अख्खा डी म्हणजेच डाउनलोड्स असं धरतं, पुढचा फोल्डरही तिथेच पाठवलात तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि निस्तरता निस्तरता जीव मेटाकुटीला येतो.

तरीही सी वाढवायचाच असेल तर विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट आहे, पण तिथली एक अट बहुतेकांना अडवते. ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ तेव्हाच चालतं जेव्हा मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे असते. डी ‘श्रिंक’ म्हणजे लहान केला तर जागा डी च्या उजव्या टोकाला सुटते, सी ला ती मिळतच नाही. म्हणून डी वरचा सगळा डेटा बाहेर काढून डी व्हॉल्यूम पूर्ण डिलीट करावा लागतो, सी वाढवायचा आणि उरलेल्या जागेत डी पुन्हा करायचा. मधे रिकव्हरी पार्टिशन असेल तर तेही आडवं येतं, ते मोडू नका. जुन्या एमबीआर (पार्टिशन नोंदवायची जुनी पद्धत) डिस्कवर डी आणि ई एकाच ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशनच्या पोटात असतील तर सी ला जागा द्यायला दोन्ही जावे लागतात. डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

सीमा सरकवून देणारी बाहेरची सॉफ्टवेअर आहेत, पण ती डेटा तासन् तास हलवत बसतात. मधेच वीज गेली तर ड्राइव्ह वाचणंच अवघड होतं. जून-जुलैत हे काम डेस्कटॉपवर करू नका. घरगुती यूपीएस काही मिनिटांचाच असतो.

बाहेरची डिस्क

हलवताना कट-पेस्ट नको. कॉपी करा, दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या आणि आकार जुळवा, चार-पाच मोठे व्हिडिओ उघडून बघा, मगच मूळ पुसा. ‘फाइल इज टू लार्ज’ असा संदेश आला तर डिस्क एफएटी३२ आहे, तिला ४ जीबीची एकेक फाइलही पेलत नाही. ती रिकामी करून, फक्त विंडोजला लावायची असेल तर एनटीएफएस आणि टीव्ही किंवा मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात डिस्क उघड्या फळीवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. प्रत्येक डिस्कवर कागद चिकटवून त्यात काय आहे आणि कोणत्या महिन्यात भरली ते लिहा. सहा महिन्यांतून एकदा दोन्ही डिस्क जोडून काही फायली उघडून बघा, आणि एखादी खटखट आवाज करू लागली किंवा तिची जोडणी वारंवार तुटू लागली तर त्याच दिवशी तिसऱ्या डिस्कवर प्रत घ्या.